वेधशाळेचे नानाभाई मूस

भूगोलाच्या तासाला समोच्चदर्शक रेषांचा नकाशा काढावयास दिला म्हणजे आमच्या वर्गात एक गोष्ट हटकून घडते. जागोजागच्या उंचीचे आकडे दिलेले असतात व सारख्या उंचीची ठिकाणे रेषेने जोडावयाची असतात. पहिल्याने रेषा करवतीच्या दात्यांसारखी वेडीवाकडी येते. मग एखादा विद्यार्थी रबर घेतो, रेषेच्या आड येणारा आकडाच पुसून टाकतो आणि बोरी नदीच्या वळणासारखी डौलदार रेषा काढून आम्हांस दाखवितो. नकाशा सुंदर दिसतो खरा. परंतु पुसलेल्या आकड्याच्या जागी कदाचित खरीच टेकडी असते.

हल्ली हे काम संगणक करतो. त्यास दिलेली आज्ञावली नकाशाच्या चौकटी पाडते आणि प्रत्येक चौकटीतील आकड्याच्या जागी तो व त्याचे आठ शेजारी अशा नऊ आकड्यांची सरासरी मांडते. मधला आकडा १०० व शेजारचे आठही १० असतील, तर मध्यभागी केवळ २० उरतात. रेषा गुळगुळीत होते, पण शिखर पाचव्या हिश्शावर येते. तेव्हा कोणता बाक काढावा व कोणता राखावा, हा विवेक माणसानेच करावयाचा असतो. ज्यांच्या कार्यात हा विवेक ठसठशीत दिसतो, अशा एका थोर पुरुषाची ओळख आम्ही येथे करून देत आहो.

नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांचा जन्म १८५९ साली एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईतील शिक्षणानंतर त्यांनी एडिंबरो येथे शास्त्राचा अभ्यास केला. १८९६ साली मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली. त्या जागेवर नेमले गेलेले ते पहिले भारतीय होत.

ही वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने स्थापिली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन होऊ लागले व १८४६ पासून त्याच्या नोंदी नियमाने ठेविल्या जाऊ लागल्या. टांगलेली चुंबकसूची नेहमी एकाच दिशेस स्थिर असते, असा आपला समज असतो. वस्तुतः ती दिवसभर अगदी थोडी थोडी हलत असते, वर्षानुवर्षे हळूहळू दिशा बदलते आणि कधी कधी एकाएकी भडकून उठते. दर्यावर्दी लोकांस ह्या ज्ञानाची फार निकड असे. १६९८ ते १७०० ह्या काळात एडमंड हॅले यांनी अटलांटिक महासागरात प्रवास करून होकायंत्राचा कल मोजला आणि सारखा कल असलेली ठिकाणे रेषांनी जोडून १७०१ साली नकाशा छापला. आपल्या समोच्चदर्शक रेषा ह्याच कुळातल्या.

नानाभाईंपुढे लवकरच मोठे संकट उभे राहिले. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या ट्रामगाड्या येणार, असे ठरत होते. विजेच्या प्रवाहाने भोवती चुंबकत्व उत्पन्न होते. मग कुलाब्याची सूची पृथ्वीची हालचाल सांगणार की ट्रामची, हे कोणी ओळखावे? असा दोष मागाहून सरासरी काढून धुऊन निघत नाही. त्यात खऱ्याखोट्याची सरमिसळ होऊन बसते. नानाभाईंनी दोष मुळाशीच तोडण्याचे ठरविले. समुद्रापलीकडे, कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर, अलिबाग येथे त्यांनी नवी चुंबकीय वेधशाळा उभारविली. तिच्या बांधकामास पोरबंदरचा चुंबकत्वहीन दगड वापरला आणि लोखंडाला मज्जाव करून जोडकामास तांबे व पितळ घेतले.

परंतु आम्हांस याहूनही मोलाची वाटते ती पुढली गोष्ट. अलिबागेचे काम १९०४ साली सुरू झाले, तरी त्यांनी कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांनी दोहोंतील फरक निश्चित केला. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा जुनी वही नव्या वहीस बिनचूक जोडली गेलेली होती. १८४६ पासूनचा धागा त्यामुळे अखंड राहिला. अलिबागेत आजही ते मापन चालू आहे.

१९१० साली नानाभाईंनी १८४६ ते १९०५ ह्या साठ वर्षांच्या नोंदी दोन भागांत प्रसिद्ध केल्या. सरासरीचे त्यांना मुळीच वावडे नव्हते. चुंबकीय वादळे त्यांनी निवडून घेतली, प्रत्येकाच्या आरंभापासून तास मोजले आणि मग त्यांची सरासरी काढली. किरकोळ हेलकावे एकमेकांस मारून गेले व वादळाचे सामान्य रूप स्पष्ट झाले: आधी एकाएकी चढ, मग काही तासांचा खोल उतार, आणि नंतर कित्येक दिवस चालणारी संथ भरपाई. मात्र हे करताना त्यांनी मूळ आकडे झाकले नाहीत. तेही छापून जगापुढे ठेविले.

मूळ आकडे राखण्याचे फळ काय, हे एका उदाहरणाने कळेल. नानाभाई जन्मले त्याच वर्षी, १ सप्टेंबर १८५९ रोजी, इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर अकस्मात झळाळी पाहिली. सतराअठरा तासांनी कुलाब्याची सूची भडकली. यंत्राशी बसलेल्या माणसांनी डोळ्यांनी पाहून, थोड्या थोड्या मिनिटांनी, आकडे टिपले. २००३ साली भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी ते पुन्हा तपासले, तेव्हा चुंबकबल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरल्याचे दिसले. तेच आकडे तासाच्या सरासरीने पाहिले तर तो उतार सुमारे ८५० वर येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा. १९८९ साली कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज कित्येक तास घालविणारे वादळ, जगातील निरनिराळ्या ठिकाणांच्या सरासरीने, ६०० च्या आतलेच होते. आज ज्यांना विजेच्या तारा व उपग्रह सांभाळावयाचे आहेत, त्यांना सर्वांत मोठे वादळ केवढे असू शकते हे जाणावयाचे असते. कोणी सुबक रेषेच्या मोहाने तो बाक पुसला असता, तर त्यांना उत्तर कोठून मिळाले असते?

नानाभाई १९१९ साली निवृत्त झाले व १९३६ साली निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, रेषा गुळगुळीत करणे हे पाप नव्हे. चूक यंत्राची असेल तर ती मुळाशी दुरुस्त करा. सामान्य रूप पाहावयाचे असेल तर खुशाल सरासरी काढा. परंतु मोजलेला आकडा कधीही पुसू नका. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाच्या वहीत वाकडी रेषा दिसल्यास रागावण्यापूर्वी तिच्याखालचे आकडे पाहावेत. आम्हीही कित्येक वर्षे डौलदार नकाशालाच अधिक गुण देत आलो. यंदापासून आम्ही आधी रबराच्या खुणा शोधणार आहो.