विश्लेषण : मेंढ्यांचा धंदा बसला अन् ‘फ्लिका’ जन्मली, कोण होत्या मेरी ओहारा?

दहा वर्षांचा मुलगा आणि त्याची घोडी यांच्या मैत्रीवरची ‘माय फ्रेंड फ्लिका’ ही कादंबरी १९४१ मध्ये अमेरिकेत आली आणि गाजली. लेखिका मेरी ओहारा यांची ती पहिलीच कादंबरी. तेव्हा त्यांनी वयाची ५५ वर्षे ओलांडली होती.

हॉलिवूड ते वायोमिंग

मेरी ओहारा ऑलसॉप यांचा जन्म १८८५ मध्ये न्यू जर्सीतील केप मे येथे झाला. वडील धर्मगुरू होते. बालपण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये गेले. १९०५ मध्ये केंट पॅरट यांच्याशी विवाह झाल्यावर त्या कॅलिफोर्नियाला गेल्या. हा संसार टिकला नाही. मूकपटांच्या काळात त्यांनी हॉलिवूडमध्ये पटकथा लिहिल्या. १९२२ चा ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ त्यांपैकीच एक. मुलीचा कोवळ्या वयात कर्करोगाने झालेला मृत्यू हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आघात ठरला.

रँचवर काय घडले?

१९२२ मध्ये त्यांनी स्वीडिश वंशाचे हेल्गे स्टुरे-वासा यांच्याशी दुसरा विवाह केला. १९३० मध्ये दोघांनी वायोमिंगमध्ये लॅरामी आणि शायेन या शहरांच्या मधला रँच घेतला. मेंढ्या पाळून कमाई करायचा बेत होता. पण महामंदीत भाव कोसळले आणि धंदा बसला. मग घर चालवण्यासाठी दूध विकणे, उन्हाळ्यात मुलांची शिबिरे घेणे असे उद्योग सुरू झाले. पैशांची ही ओढाताण सुरू असतानाच ओहारा पुन्हा लिहू लागल्या.

कादंबरीत काय आहे?

केन हा अभ्यासात मागे पडलेला, सतत स्वप्नात हरवलेला मुलगा. वडील शिस्तीचे, लष्करातून आलेले. केन निवडतो ती बेफाम वाणाच्या घोडीची शिंगी. फ्लिका म्हणजे स्वीडिश भाषेत मुलगी. काटेरी तारेत अडकून ती जबर जखमी होते. तिला गोळी घालायचे ठरते, तेव्हा केन रात्रभर ओढ्याच्या गार पाण्यात तिला धरून बसतो. तिच्यासोबत तोही मरणाच्या दारातून परततो. रँचवरची पैशांची चणचण आणि आईवडिलांमधला ताण कादंबरीत स्पष्ट दिसतो. लेखिकेने ते स्वतः भोगले होते.

पुढे काय झाले?

‘थंडरहेड’ (१९४३) आणि ‘ग्रीन ग्रास ऑफ वायोमिंग’ (१९४६) हे पुढचे भाग आले. तिन्ही कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. पहिल्यात रॉडी मॅकडॉवल यांनी केन साकारला. २००६ च्या चित्रपटात तर मुलाच्या जागी मुलगी आली.

पुस्तकांनी नाव दिले, पण दुसरा संसारही १९४७ मध्ये मोडला. ओहारा पूर्व किनाऱ्याकडे परतल्या. लेखन आणि संगीतरचना सुरूच राहिली. १९८० मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वायोमिंग त्यांनी केव्हाच सोडले होते, पण वाचकांसाठी त्या कायम तिथल्याच राहिल्या.