खिडकीसाठी पाचशे पौंड

मैत्रिणींनो, बाळंतिणीला मदत लागते हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. डिंकाचे लाडू येतात, शेकशेगडी होते, शेजारीण धुणं उचलून नेते. पण घरातलं माणूस शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलं, की लोक येतात, बघून जातात आणि दाराबाहेर हळूच विचारतात, किती दिवस काढतील? त्या दिवसांत त्या माणसाचं आणि त्याचं करणाऱ्या बाईचं काय होतं, हा प्रश्न जिनं आयुष्यभर लावून धरला, तिची आज ओळख करून देते. तिचं नाव सिसिली साँडर्स.

सिसिलीचा जन्म 22 जून 1918 चा, लंडनजवळच्या बार्नेटचा. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण आईवडिलांचं पटत नव्हतं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ती ऑक्सफर्डला शिकत होती. शिक्षण अर्धवट टाकून ती नर्स व्हायला गेली. काम मनापासून आवडलं, पण पाठीनं दगा दिला. रोग्यांना उचलणं, बसवणं झेपेना. मग पुन्हा ऑक्सफर्ड, पदवी, आणि इस्पितळातच समाजसेविकेची नोकरी. रोग्याच्या घरचं कसं चाललंय, पैसे आहेत का, पुढे कोण बघणार, हे पाहण्याचं ते काम.

तिथं तिला डेव्हिड टॅस्मा भेटला. पोलंडहून आलेला ज्यू, परक्या देशात वेटरचं काम करणारा, वय चाळीसच्या आसपास, आणि कॅन्सर हाताबाहेर गेलेला. जवळचं म्हणावं असं कुणी नव्हतं. सिसिली त्याच्याजवळ जाऊन बसायची. अशा रोग्यांसाठी वेगळं घर हवं, जिथं वेदना कमी होतील आणि कुणीतरी ऐकून घेईल, असं दोघांच्या बोलण्यात यायचं. 1948 च्या फेब्रुवारीत तो गेला. जाताना त्यानं आपले पाचशे पौंड तिच्या नावे ठेवले आणि त्या घरात आपण एक खिडकी होऊ, अशी इच्छा सांगितली. घर तर कुठंच नव्हतं, आणि खिडकीचे पैसे मात्र हातात आले!

नोकरी सांभाळून ती मरणपंथाला लागलेल्यांच्या एका इस्पितळात सेवेला जायची. तिथं एक साधी गोष्ट तिनं पाहिली. रोगी ओरडेपर्यंत वाट न पाहता त्याला मॉर्फीनचं औषध ठरलेल्या वेळी देत होते. बाळ भुकेनं रडून लाल व्हायच्या आधी आपण पाजतो ना, तसंच हे. हे सगळीकडे व्हावं असं तिला वाटलं. पण तिच्या ओळखीच्या एका सर्जननं स्पष्ट सांगितलं, की डॉक्टर झाल्याशिवाय डॉक्टर लोक तुझं ऐकणार नाहीत. तेव्हा तिनं तेहतिसाव्या वर्षी वैद्यकीय शिक्षण सुरू केलं आणि 1957 मध्ये ती डॉक्टर झाली. पुढची सात वर्षं रोग्यांच्या नोंदी ठेवून तिनं हा उपाय पटवून दिला. वेदना फक्त शरीराची नसते, हेही तिनंच मांडलं. मागे पोरांचं काय होईल, कर्ज कोण फेडील, देवानं मलाच का, हेही दुखतच असतं.

शेवटी जुलै 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं राहिलं. खिडकीचे पैसे मिळाल्याला एकोणीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची काही वर्षं ती पत्रं लिहीत, संस्थांची दारं ठोठावत पैसे जमवत होती. टॅस्माची खिडकी तिथं आहे. 1969 पासून तिथल्या नर्स रोग्यांच्या घरीही जाऊ लागल्या. साठी ओलांडल्यावर सिसिलीनं एका पोलिश चित्रकाराशी लग्न केलं. 14 जुलै 2005 रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, ती कॅन्सरनं गेली, ती याच हॉस्पिसमध्ये.

आता पैशाचं बोलू. इंग्लंडमध्ये हॉस्पिसची सेवा रोग्याला फुकट असते, पण सरकारी पैसा पुरत नाही. बराचसा खर्च लोक उचलतात, आणि त्याचा एक मार्ग म्हणजे धावणं. कुणाची आई हॉस्पिसमध्ये गेलेली असते, तर तिची मुलगी शर्यतीत नाव घालते, नातेवाईक, शेजारीपाजारी, ऑफिसातले तिच्या नावानं थोडे थोडे पैसे देतात आणि ते हॉस्पिसला जातात. मुंबई मॅरेथॉनमध्येही 2004 पासून असंच संस्थांसाठी धावून पैसे उभे करतात.

आपल्याकडे पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला, शांती अवेदना सदन, 1986 चं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून विनामूल्य सेवा देतंय. भोरहून सातारा रस्त्यानं निघालं की कात्रजवरून वारजं काही फार लांब नाही. पण वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरून ते फार लांब आहे. मॉर्फीनचा कायदा 2014 मध्ये सोपा झाला, तरी गोळ्या मान्यताप्राप्त ठिकाणीच मिळतात. मी अशा घरांत जाते. इस्पितळानं घरी न्या म्हटलेलं असतं, पुढं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. सून रात्रभर सासूची पाठ चोळत बसते आणि सकाळी भात लावायला जाते.

सिंहगड, राजगड, तोरणा अशी डोंगरातली शर्यत आपल्याच भागात होते. बाहेरगावचे लोक येऊन आपले गड धावतात, आपण रस्त्यात उभ्या राहून बघतो. मग भोरमध्ये आपल्या बायकांची पाच किलोमीटरची एक दौड का नको? साडी नेसून चाललं तरी चालेल. बचत गटाकडून शंभर-शंभर रुपये जमवायचे, हिशेब फळ्यावर लिहायचा. त्यातून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी घ्यायची, ती एका घरून दुसऱ्या घरी फिरवायची. वाडीवर जाणाऱ्या नर्सच्या गाडीत पेट्रोल घालायचं. पाचशे पौंडांत काही इस्पितळ होत नव्हतं, फक्त खिडकी होत होती. आपणही खिडकीपासूनच सुरुवात करू. भात कापून झाला की आपल्या गटाच्या बैठकीत हा विषय काढा, मी यायला तयार आहे.