सुरापानाचे प्रायश्चित्त : डॉ. बॉब स्मिथ यांचे चरित्र

आषाढी अमावास्येस घरातील दिवे घासूनपुसून पाटावर मांडावेत, त्यांची पूजा करावी आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावणाचे नियम धरावेत, ही आपली परंपरा. त्याच पवित्र तिथीला 'गटारी' असे किळसवाणे नाव देऊन मद्याचे प्याले रिचविण्याची चाल बोकाळली आहे. महिनाभर सोडावयाची म्हणून आज पोटभर प्यावयाची! अशा वेळी श्रावणाच्या या विशेष पृष्ठावर एखाद्या संताचे चरित्र न लिहिता आम्ही सातासमुद्रापलीकडील एका ख्रिस्ती शल्यचिकित्सकाचे चरित्र हाती घेत आहोत, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु त्यास कारण आहे.

धर्मशास्त्राने पाच महापातके गणली आहेत. ब्रह्महत्या, सुरापान, सुवर्णाची चोरी व गुरुपत्नीगमन ही चार. आणि ही पातके करणाऱ्यांशी संसर्ग हे पाचवे. हे आम्ही कीर्तनाच्या पूर्वरंगात वर्षानुवर्षे सांगत आलो. उत्तररंगात प्रभासक्षेत्री मद्याने उन्मत्त झालेल्या यादवांचा संहार गायिला, कचाची राख सुरेतून प्यालेल्या शुक्राचार्यांचा पश्चात्ताप गायिला. श्रोत्यांनी माना डोलाविल्या. आमच्याच साथीला बसणाऱ्या एका पेटीवाल्यास ही आख्याने मुखोद्गत होती. श्रावणभर तो थेंबास शिवत नसे आणि श्रावण सरताच पुन्हा गुत्त्याची वाट धरी. अखेर संसर्गदोषाचा आधार घेऊन आम्ही त्याची साथ सोडली. डॉ. स्मिथ यांचे चरित्र वाचल्यापासून तो निर्णय आम्हांस सलत आहे.

रॉबर्ट होलब्रुक स्मिथ यांचा जन्म ८ ऑगस्ट १८७९ रोजी अमेरिकेतील व्हर्मॉंट राज्यात झाला. वडील सेंट जॉन्सबरी येथे न्यायाधीश. घराणे मोठे धर्मनिष्ठ. आठवड्यातून चार-पाच वेळा मुलास प्रार्थनामंदिरात न्यावयाचे हा घरचा शिरस्ता. त्या सक्तीचा परिणाम उलटाच झाला. मोठे झाल्यावर अगदी अटळ प्रसंगाखेरीज त्या पायऱ्या चढावयाच्या नाहीत, असे मुलाने मनोमन ठरविले आणि पुष्कळ वर्षे पाळले. धर्म लहानपणी घशाखाली कोंबला तर काय होते, हे आपल्याकडील पालकांनीही ध्यानी घेण्याजोगे आहे.

डार्टमथ महाविद्यालयात पिण्याचा नाद लागला. १९०२ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे वैद्यकाचे शिक्षण घेताना मद्याने हात असे थरथरत की एका परीक्षेत त्यांनी उत्तरपत्रिका कोऱ्याच दिल्या. कशीबशी १९१० मध्ये पदवी मिळाली आणि ओहायो राज्यातील ॲक्रन या रबराच्या कारखान्यांच्या शहरी ते स्थायिक झाले. १९१५ मध्ये ॲन रिप्ले या सात्त्विक स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. ही ओळख सतरा वर्षांची होती.

१९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली तेव्हा आता आपण आपोआप सुटू, असे त्यांना वाटले. परंतु औषधाच्या नावाखाली डॉक्टरांना मद्य मिळे, आणि चोरून विकणारेही दारात उभे असत. मग दिनक्रमच ठरून गेला. सकाळी हातांचा कंप थांबविण्यासाठी गुंगीचे औषध घ्यावयाचे, दुपारपर्यंत रुग्ण तपासावयाचे आणि घरी येऊन प्यावयाचे. कोळशाच्या पेटीत, मिळेल त्या कानाकोपऱ्यात बाटल्या दडविलेल्या असत. पत्नीला व मुलांना वचने दिली, ती मोडली. देताना ती खोटी नव्हती, हे मद्यप्याच्या घरातील माणसेच जाणतील.

१९३३ च्या सुमारास ॲक्रन येथे 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती मंडळाच्या सभा होऊ लागल्या. फ्रँक बुकमन या अमेरिकन धर्मोपदेशकाने हे मंडळ स्थापिले होते. येशूच्या पहिल्या शिष्यांप्रमाणे जगावे, हा त्यांचा ध्यास. ईश्वरास शरण जाणे, आपले दोष दुसऱ्यापाशी उघड करणे, ज्याचा अपराध केला त्याची भरपाई करणे आणि पहाटे निःशब्द बसून ईश्वराची प्रेरणा ऐकणे, ही त्यांची साधना. पत्नीच्या आग्रहाने डॉक्टर तेथे जाऊ लागले. त्यांनी बायबल अथपासून इतिपर्यंत वाचले, प्रार्थना केली. असा अडीच वर्षे सत्संग घडला, आणि त्या अडीच वर्षांत डॉक्टर नियमाने पीतच राहिले!

आम्ही या ठिकाणी थबकलो. ग्रंथ खरा, साधना खरी, साधकाची तळमळही खरी. मग अडले कोठे?

मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा विल्यम विल्सन नावाचा शेअरबाजारातील एक गृहस्थ कामानिमित्त ॲक्रनला आला. तोही कट्टर मद्यपी. याच मंडळाच्या प्रभावाने डिसेंबर १९३४ मध्ये त्याची दारू सुटली होती. मधल्या पाच महिन्यांत त्याने अनेक मद्यप्यांना उपदेश केला, पण एकही सुधारला नाही. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच त्याला सुचविले होते की, प्रवचन आवर आणि आधी या रोगाची हकीकत सांग. ॲक्रनमधील व्यवहार फसला. खिन्न होऊन तो हॉटेलात फेऱ्या घालीत होता आणि समोरच्या मद्यगृहातील हास्यविनोद कानी येत होता. आता आपण पिणार, हे त्याला उमगले. वाचावयाचे तर दुसरा मद्यपी शोधून त्याच्याशी बोलले पाहिजे, एवढेच त्याला सुचले. चर्चच्या यादीवरून त्याने दूरध्वनी केले आणि हेन्रिएटा सायबरलिंग या मंडळातील बाईंकडे तो पोहोचला. त्याच शनिवारी डॉक्टर मातृदिनानिमित्त पत्नीसाठी फुलझाडाची कुंडी घेऊन घरी आले होते आणि शुद्ध हरपून पडले होते.

दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, सायंकाळी भेट झाली. पंधरा मिनिटांहून अधिक बसावयाचे नाही, या अटीवर डॉक्टर आले आणि रात्री अकराच्या पुढे उठले. विल्सनने उपदेश केला नाही. स्वतःची दुर्दशा सांगितली. आपणांस या भेटीची गरज आहे, हेही सांगितले. आजवर ज्यांनी ज्यांनी डॉक्टरांना समजाविले ते काठावर उभे होते. हा माणूस त्याच डोहातून निथळत आला होता.

तरी एक घसरण झालीच. वैद्यक परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेलेले डॉक्टर पिऊनच परतले. शस्त्रक्रिया ठरलेली होती. हात स्थिर व्हावा म्हणून विल्सनने त्या सकाळी त्यांना बिअरची एक बाटली दिली. तीच शेवटची. शस्त्रक्रिया आटोपल्यावर डॉक्टर कित्येक तास घरी आले नाहीत. घरची मंडळी हवालदिल झाली. डॉक्टर मात्र देणेकऱ्यांच्या व दुखावलेल्या माणसांच्या दारी फिरून भरपाईची कबुली देत होते. प्रायश्चित्त म्हणतात ते याहून वेगळे काय? १० जून १९३५ हा तो दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना आपला स्थापनादिन मानते.

त्या उन्हाळ्यात विल्सन स्मिथ यांच्याच घरी राहिला. रोज सकाळी ॲनबाई बायबल वाचीत. येशूचे गिरिप्रवचन, याकोबाचे पत्र आणि प्रेमाचे माहात्म्य वर्णन करणारा पौलाच्या पत्रातील अध्याय हे भाग डॉक्टरांना अत्यावश्यक वाटत. कृतीवाचून श्रद्धा निर्जीव, हा याकोबाच्या पत्राचा गाभा. तो या मंडळीत इतका मुरला की संघटनेस याकोबाचेच नाव द्यावे, असेही काहींच्या मनात होते. १९३९ मध्ये संघटनेचा ग्रंथ निघाला. त्यातील बारा पायऱ्यांत शरणागती, दोषांची कबुली, भरपाई, प्रार्थना ही ऑक्सफर्ड ग्रुपची साधना स्पष्ट दिसते. मात्र ईश्वर ज्याने त्याने आपापल्या आकलनानुसार मानावा, अशी मोकळीक तेथे ठेवली. त्याच वर्षी ॲक्रनची मंडळी ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळी झाली. रोमन कॅथलिक पंथीयांना तेथे राहणे अवघड होते, हे त्याचे एक कारण. त्या मोकळिकीमुळेच १९५७ मध्ये भारतात आलेल्या या संघटनेच्या सभा आज मराठीतूनही भरतात आणि तेथे बसणाऱ्यास आपला विठ्ठल सोडावा लागत नाही.

डॉक्टरांची तहान एका दिवसात मिटली नाही. पुढे अडीच वर्षे ती त्यांना छळीत होती. ते रोज दुसऱ्या एखाद्या मद्यप्याच्या उशाशी जाऊन बसत. १९३९ पासून सेंट टॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या जोगिणीच्या साहाय्याने हे काम वाढले. मद्यप्यांना रुग्णालये जागा देत नसत. म्हणून या माउलीने पहिल्या रुग्णास पोटाच्या विकाराच्या नावाखाली दाखल करून फुले ठेवण्याच्या खोलीत त्याची खाट लावली. पुढील दहा-अकरा वर्षांत सुमारे पाच हजार रुग्णांवर डॉक्टरांनी उपचार केले, एक पैसाही न घेता.

१९४९ च्या जूनमध्ये ॲनबाई गेल्या. डॉक्टरांनाही कर्करोगाने ग्रासले होते. जुलै १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या संमेलनात ते क्षीण देहाने उभे राहिले, थोडेसेच बोलले. संघटनेची सदस्यसंख्या तोवर लाखाच्या घरात गेली होती. १६ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांचे देहावसान झाले. काही मित्रांनी भव्य स्मारकाची कल्पना काढली होती. डॉक्टरांनी ती हयातीतच नाकारली. ॲक्रनच्या दफनभूमीत पतिपत्नींची साधी शिळा आहे. तिच्यावर संघटनेचा उल्लेखही नाही. दारू सुटलेली माणसे दूरदूरहून तेथे येतात आणि आपल्या मद्यमुक्तीच्या दिवसांची खूण म्हणून मिळालेले बिल्ले त्या शिळेवर ठेवून जातात.