जमशेटजी टाटा आणि नागपूरची एम्प्रेस मिल

जमशेटजी टाटांचे नाव निघताच पोलादाचा कारखाना, मुंबईचे ताजमहाल हॉटेल आणि बंगळूरची विज्ञानसंस्था ही डोळ्यांपुढे उभी राहतात. पैकी कारखाना व विज्ञानसंस्था त्यांच्या निधनानंतर उभ्या राहिल्या. माणसे कशी टिकवावी ह्याचे धडे मात्र त्यांनी नागपुरास गिरविले, आणि त्याचीच आठवण आज फारशी कोणी काढीत नाही.

नवसारी येथे ३ मार्च १८३९ रोजी एका पारशी पुरोहित घराण्यात त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणानंतर ते वडिलांच्या, नसरवानजींच्या, पेढीवर कामास लागले. पुढे १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी काढून त्यांनी नागपूर निवडले, कारण कापूस तेथे हाताशी होता. मुंबई सोडून असल्या दलदलीच्या जागी गिरणी काढणे म्हणजे सोने मातीत घालणे, असेच पुष्कळांना वाटले. गिरणी सुरू झाली ती १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस.

यंत्रे आली, परंतु माणसे टिकेनात. पोटापुरते मिळाले की लोक घरी बसत. घरी लग्नकार्य निघाले की यंत्र तसेच पडून राही. अशा वेळी दंड करणे अथवा कामावरून काढणे हा गिरणीमालकांचा रूढ उपाय होता. जमशेटजी व त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता ह्यांनी वेगळी वाट धरली. बेझनजी रेल्वेच्या मालखात्यातून आलेले. गिरणीचे काम त्यांस ठाऊक नव्हते, पण माणसे ठाऊक होती. चांगले काम करणाऱ्यांस दरवर्षी समारंभाने बक्षिसे देण्याचा परिपाठ पडला. हवा खेळती राहावी, तिच्यात योग्य ओलावा राहावा व आग लागल्यास आपोआप पाणी सुटावे, अशी साधने बसविली गेली. निवृत्तिवेतनाचा निधी १८८६ साली सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. सरकारचा भरपाईचा कायदा आला तो १९२३ साली!

हे सारे औदार्यापोटी झाले, असे लिहिणे सोपे आहे. ते धंद्याचे गणितही होते, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. शिकवून तयार केलेला हात निघून गेला की पुन्हा नवा शिकवावा लागतो, हे त्यांनी ओळखले. मी ज्या एका शाळेत होतो, तेथे फंडाची रक्कम वेळेवर भरली जात नसे. दोन-तीन वर्षांत गणिताचे तीन शिक्षक सोडून गेले. पगार काही कमी नव्हता. म्हातारपणाची खात्री नसेल तर मन कामावर बसत नाही.

तरीही गिरणीतील जीवन सुखाचे होते असे समजू नये. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर १९११ पर्यंत कायद्याची मर्यादाच नव्हती, आणि बक्षिसाच्या घड्याळाने दिवस काही लहान होत नाही. पुढे जमशेदपुरास टाटांच्या कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस आला, तो जमशेटजींना पाहावयास मिळाला नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नौहाइम येथे त्यांचा अंत झाला. इंग्लंडमध्ये ब्रुकवुड येथील पारशी दफनभूमीत त्यांची समाधी आहे.