साने गुरुजी: वर्ग सोडून सत्याग्रहात गेलेले शिक्षक

साने गुरुजी म्हटलं की ‘श्यामची आई’ आठवते. पण पांडुरंग सदाशिव साने आधी हायस्कूलचे शिक्षक होते. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये रुजू झाले. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे, त्यांच्यासाठी हस्तलिखित ‘छात्रालय’ दैनिक काढायचे.

१९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि तुरुंगवास पत्करला. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगातच लिहून झाली.

मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. स्वातंत्र्य तोंडावर आलं होतं, तरी विठ्ठलाच्या दारातली अस्पृश्यता त्यांना सहन होईना. दहा दिवसांनी मंदिराचे विश्वस्त राजी झाले.

चळवळ म्हणजे काय, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या मास्तरांकडे बघूनच शिकलं.