बर्फाचे गणित मांडणारे मिलँकोविच

पृथ्वीवर हिमयुगे का येतात आणि का सरतात, या प्रश्नाचे गणिती उत्तर देणारे मिलुतिन मिलँकोविच यांचा जन्म २८ मे १८७९ रोजी डॅन्यूब नदीकाठच्या दाल्य या गावी एका सर्ब कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियात आहे. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. व्हिएन्नात स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९०४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि काही वर्षे काँक्रीटचे पूल व धरणे बांधण्याचे काम केले. व्यवसायात जम बसला असतानाच १९०९ मध्ये तो सोडून ते बेलग्रेड विद्यापीठात उपयोजित गणिताचे प्राध्यापक झाले.

१९१४ मध्ये लग्न करून ते पत्नीसह दाल्यला आले आणि त्याच वेळी पहिले महायुद्ध पेटले. सर्बियाचे नागरिक म्हणून त्यांना अटक झाली. कोठडीतही त्यांनी सोबतचे कागद काढून आकडेमोड सुरू केली. व्हिएन्नातील जुन्या प्राध्यापकांच्या खटपटीने त्यांची सुटका झाली, मात्र बुडापेस्टमध्येच राहण्याची अट होती. तेथील विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयात त्यांनी युद्धाची वर्षे कामी लावली.

त्यांच्या गणिताचा गाभा असा. पृथ्वीची कक्षा सुमारे एक लाख वर्षांच्या चक्रात कमी-अधिक लंबवर्तुळाकार होते. तिच्या आसाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांत २२.१ ते २४.५ अंशांदरम्यान बदलतो. शिवाय आस भोवऱ्यासारखा डुलत असल्याने पृथ्वी कोणत्या ऋतूत सूर्याच्या सर्वाधिक जवळ असेल, हे सुमारे २१ हजार वर्षांच्या चक्रात पालटते. त्यामुळे प्रत्येक अक्षांशावर प्रत्येक ऋतूत पोहोचणारी सूर्याची उष्णता बदलत राहते. हवामानतज्ज्ञ व्लादिमिर क्योपेन यांनी त्यांचे लक्ष उत्तरेकडील उन्हाळ्याकडे वेधले. हिवाळ्यात बर्फ पडतोच; तो उन्हाळ्यात वितळला नाही तर वर्षानुवर्षे साचत जातो. मग मिलँकोविच यांनी सुमारे शंभर दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत हाताने आकडेमोड करून मागील साडेसहा लाख वर्षांचे आलेख काढले. क्योपेन आणि आल्फ्रेड वेगेनर यांनी ते १९२४ मध्ये आपल्या ग्रंथात छापले.

आयुष्यभराच्या कामाचा त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये छापून होत आला असतानाच जर्मन बॉम्बहल्ल्यात बेलग्रेडचा छापखाना उद्ध्वस्त झाला. छापलेले बहुतेक कागद सुदैवाने वाचले. शेवटची काही पाने पुन्हा छापावी लागली. १२ डिसेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या सिद्धान्तावर अनेक भूवैज्ञानिकांचा विश्वास उरला नव्हता. १९७६ मध्ये मात्र हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील तळाच्या गाळात हीच चक्रे सापडली आणि सिद्धान्ताला बळ मिळाले.

आज हे गणित ध्रुवीय बर्फाच्या अभ्यासात मोलाचे ठरत आहे. सुमारे १ लाख २७ हजार वर्षांपूर्वी पृथ्वी उत्तरेच्या उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ होती आणि आसाचा कलही आजच्यापेक्षा थोडा जास्त होता. आर्क्टिकला उन्हाळ्यात आजच्याहून दहा टक्क्यांपेक्षा अधिक सौरऊर्जा मिळत होती. तिथले उन्हाळे ४ ते ५ अंश सेल्सिअसने अधिक उबदार होते. मग समुद्रावरचा बर्फ टिकला होता का? समुद्रतळाच्या गाळातील सूक्ष्म जीवांचे अवशेष याची साक्ष देतात, पण मध्य आर्क्टिकबद्दल अजून एकमत नाही. २०२० मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या एका संगणकीय अभ्यासात त्या काळी उन्हाळ्याच्या अखेरीस बर्फ पूर्ण नाहीसा होत असे, असे दिसले. बर्फावर साचणारी वितळपाण्याची डबकी ऊन शोषतात आणि वितळणे आणखी वाढवतात, हे त्यामागचे मोठे कारण होते. भूतकाळातले तापमान नीट जुळवणारे प्रारूप भविष्याबद्दलही अधिक विश्वासार्ह ठरण्याची शक्यता असते. म्हणून ही परीक्षा महत्त्वाची.

त्या काळाची आणि आजची तुलना मात्र जपूनच करायला हवी. तेव्हा तापवणारे होते ते उन्हाळ्यातले ऊन. हवेतील कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे २७५ होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. मिलँकोविच यांच्या गणितानुसार गेली सुमारे दहा हजार वर्षे उत्तरेचे उन्हाळी ऊन कमी होत आले आहे, म्हणजे आर्क्टिक हळूहळू थंड व्हायला हवे होते. प्रत्यक्षात १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींनुसार सप्टेंबरमधला समुद्री बर्फ दर दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी घटतो आहे. या घटीचा दोष सूर्य आणि पृथ्वीच्या चालीवर टाकता येत नाही, हे ज्या आकडेमोडीतून कळते, तिची सुरुवात १९१४ मध्ये एका युद्धकैद्याने कोठडीतही थांबू दिली नव्हती.