फेलिक्स व्हेनिंग माइनेस

गांवाची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात. परंतु जेथें समुद्रच नाहीं तेथें ती सपाटी कशी ओळखावी? जमिनीखालींही पसरलेलें असें जें समुद्रपृष्ठ कल्पितात, त्यास जिऑइड म्हणतात. भूगर्भांतील खडक कोठें जड, कोठें हलके. त्यामुळें गुरुत्वाकर्षण कमीअधिक होऊन हें पृष्ठ उंचसखल होतें. तें जाणण्यास ठिकठिकाणीं गुरुत्व मोजावें लागतें.

या कार्यास आयुष्य वाहणारे व्हेनिंग माइनेस हॉलंडांत १८८७ सालीं जन्मले. १९१० सालीं इंजिनियर होतांच स्वदेशाच्या गुरुत्वमापनाचें काम त्यांच्याकडे आलें. त्या काळीं लोलकाच्या झोक्यास लागणाऱ्या वेळावरून गुरुत्व काढीत. पण हॉलंडची भूमि मऊ. ती थरथरे व मापन चुके. भूमि बदलणें शक्य नव्हतें, म्हणून त्यांनीं पद्धति बदलली. एकाच आधारावर दोन लोलक झुलविले असतां हादरा दोहोंस सारखाच बसतो, व त्यांच्या गतींतील फरक घेतल्यास तो वजा होतो. या युक्तीनें १९२१ पर्यंत देशांतील ५१ ठिकाणें मोजून झालीं.

पुढें हीच युक्ति समुद्रावर उपयोगी पडली. जहाज लाटांवर फार डोलतें. म्हणून १९२३ पासून ते उपकरण घेऊन पाणबुडींतून प्रवास करूं लागले. देह अतिशय उंच आणि जागा अरुंद. तरी १९३४-३५ सालीं ते पाणबुडीनें हॉलंडहून निघून महासागरांत मापनें करीत जावापर्यंत गेले. १९६६ सालीं ते निवर्तले.

आज उपग्रहही गुरुत्व मोजतात. तथापि गुरुत्वावरून ओळंब्याचा कल काढण्याचें त्यांचें सूत्र भूमापनशास्त्रांत अद्याप शिकवितात. विद्यार्थ्यांनो, हॉलंडची भूमि खडकाळ असती, तर ही युक्ति शोधण्याची गरज त्यांना कदाचित् भासलीच नसती.